खिशात मावणारं पिस्तूल : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात टेक्ससच्या हँडगन परवान्याच्या परीक्षेबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत : कुणाला दिसणार नाही असं छोटं पिस्तूल कोणतं घ्यावं. त्यातली चार घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण तोच प्रश्न माझ्या वर्गात दर शनिवारी कुणी ना कुणी विचारतं.

प्रश्न : ताई, नमस्कार. ह्यूस्टनच्या नैऋत्येला आमचं गॅस स्टेशन आणि त्याला लागून दुकान आहे. रात्री अकरा वाजता मी एकटाच बंद करतो आणि गल्ला घेऊन घरी जातो. मध्यंतरी आमच्याच रस्त्यावरच्या एका दुकानदाराला बंदूक दाखवून लुटलं. तेव्हापासून बायको मी येईपर्यंत झोपत नाही. मी अमेरिकन नागरिक आहे, वय ५२, अंगाने बारीक. पँटच्या खिशात राहील असं सर्वांत लहान पिस्तूल हवंय. दुकानात रूगर एलसीपी मॅक्स दाखवलं. मित्र म्हणतो सिग घे. मेहुणा म्हणतो रिव्हॉल्व्हर घे, ते कधी अडकत नाही. एकच नाव सांगा.
— एक वाचक, शुगर लँड

उत्तर : दादा, एकच नाव हवं तर सिग सावरचं पी ३६५, पँटच्या आत कमरेला बसणाऱ्या होल्स्टरमध्ये (म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात), पट्ट्याला अडकवून. तुम्ही खिशातलं मागितलंत आणि मी कमरेचं सांगतेय, म्हणून कारणं सविस्तर देते.

रात्री दुकान बंद करतानाचा तुमचा क्रम बघा. आधी गल्ल्यामागे स्टुलावर बसलेले, मग कुलूप लावून गाडीपर्यंत चालत, मग सीटबेल्ट लावून गाडीत. यात बराच वेळ तुम्ही बसलेले आहात, आणि बसलेल्या माणसाला पँटच्या पुढच्या खिशातून पिस्तूल काढणं जवळजवळ अशक्य असतं. मांडी दुमडली की खिशाचं तोंड आवळतं, आणि गाडीत वरून पट्टा येतो. आज घरी करून बघा. खिशात चष्म्याचं घर घाला, खुर्चीत बसा आणि खाली न बघता एका हाताने ते बाहेर काढा. मग गाडीत बसून, बेल्ट लावून पुन्हा काढा. पिस्तुलाचा कॅटलॉग उघडण्याआधी मी प्रत्येकाला हेच करायला लावते. खिसा हा उभ्या, चालत्या माणसाच्या कामाचा आहे.

आता वजनाबद्दल. रूगरचं पहिलं एलसीपी २००८ साली आलं, रिकामं असताना साधारण २७० ग्रॅम. त्याचं मॅक्स हे रूप २०२१चं, सुमारे ३०० ग्रॅम, आणि तेवढ्याशा अंगात मॅगझिनमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या पेटीत, १० गोळ्या. पहिल्या एलसीपीत ६च बसायच्या, त्यामुळे ही सुधारणा खरोखर मोठी आहे. पी ३६५ हे २०१८चं, रिकामं सुमारे ५०० ग्रॅम, गोळी ९ मिलिमीटरची, मॅगझिनमध्ये त्याही १०. गोळी सुटताना मागे येणारा धक्का पिस्तुलाचं वजन पचवतं. वजन कमी केलं की उरलेला धक्का तुमच्या अंगठ्याच्या मुळाशी बसतो. त्यातून लहान पिस्तुलाची मूठ इतकी आखूड असते की तिच्यावर जेमतेम दोन बोटं राहतात आणि करंगळी खाली लोंबते. एलसीपीची थ्री एटी (.३८०) गोळी ९ मिलिमीटरपेक्षा सौम्य, तरीही माझ्या वर्गातल्या बहुतेकांना पी ३६५ हातात जास्त सुखाचं वाटतं. शिवाय एलसीपीची नळी २.८ इंचांची, म्हणजे नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांत अंतर थोडं. हात केसभर हलला तरी सात यार्डांवर गोळी भलतीकडे लागते. असं पिस्तूल नेमबाजीत मुरलेल्या हाताला शोभतं. पण नवखा माणूस नेमकं तेच विकत घेतो, पन्नास गोळ्यांचा एक डबा झाडतो, तळवा दुखतो, आणि पुन्हा सरावाच्या रेंजवर येत नाही. मग ज्याचा सराव नाही असं भरलेलं हत्यार खिशात घेऊन तो वर्षानुवर्षं हिंडतो. या गोष्टीची मला मनापासून भीती वाटते.

गोळीचा विचार तुम्ही पत्रात केलेला नाही, तो करा. थ्री एटी ही जॉन ब्राउनिंगने १९०८ साली कोल्टच्या खिशातल्या पिस्तुलासाठी काढलेली गोळी. (आपल्याकडे भारतात परवान्यावर मिळणाऱ्या बत्तीस बोअरच्या पिस्तुलातली गोळीही ब्राउनिंगचीच, थ्री एटीच्याही आधीची.) १९८६ साली मायामीत एफबीआयचे दोन एजंट चकमकीत मारले गेले. त्यानंतर एफबीआयने काडतुसांची कसून तपासणी सुरू केली आणि मापदंड ठरवला : जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी निदान १२ इंच शिरली पाहिजे, १८ इंचांपलीकडे जायला नको. ९ मिलिमीटरची चांगली होलो पॉइंट (टोक पोकळ असलेली, आत शिरताना उमलणारी) गोळी छोट्या नळीतूनही यात बसते. थ्री एटीची मात्र ओढाताण होते. गोळी टोकाला उमलली तर पुरेशी आत जात नाही, आणि आत गेली तर बऱ्याचदा उमललेली नसते. म्हणून थ्री एटी बाळगणारे कितीतरी अनुभवी लोक सपाट टोकाची साधी गोळी भरतात. म्हणून थ्री एटी कुचकामी आहे असं समजू नका. फक्त तिच्यात चुकीला जागा कमी आहे, आणि नेम लावायलाही ते छोटं पिस्तूल कठीण. दोन्ही उणिवा एकाच वेळी पदरात कशाला घ्यायच्या?

मेहुण्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. स्मिथ अँड वेसनच्या ६४२सारखं, घोडा आत झाकलेलं रिव्हॉल्व्हर खिशातल्या धुळीला आणि कापडाच्या तंतूंना दाद देत नाही, खिशातून काढताना कापडात अडकत नाही. वेळ पडली तर कोटाच्या खिशातूनच झाडता येतं, जे पिस्तुलाला जमत नाही, कारण स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा मागेपुढे सरकणारा भाग, कापडात अडकते. पण गोळ्या पाचच, ट्रिगर लांब आणि जड, आणि चारशे-सव्वाचारशे ग्रॅम वजनावर थर्टी एट स्पेशल या काडतुसाचा धक्का. नेमबाजीला सगळ्यांत अवघड प्रकार हाच. सोपं म्हणून कुणी सुचवत असेल तर त्यांना सांगा, रेंजवर तुम्हीच आधी पाच झाडून दाखवा.

विकत घेण्याआधी भाड्याने चालवून बघा. ह्यूस्टनच्या आसपासच्या बऱ्याच रेंजवर पी ३६५, एलसीपी मॅक्स आणि स्मिथ अँड वेसनचं २०२४मध्ये आलेलं बॉडीगार्ड २.० ही तिन्ही भाड्याने मिळतात. तिन्हींतून सात यार्डांवर सारख्याच संख्येने गोळ्या झाडा आणि तिन्ही कागद शेजारी ठेवा. त्या कागदांपुढे माझं मत गौण आहे. हाती बॉडीगार्डच जास्त बसलं तर बॉडीगार्ड घ्या. घेतल्यावर निदान दोनशे गोळ्या न अडकता जाईपर्यंत त्याच्यावर भरवसा ठेवू नका, आणि त्यात रोज भरणार त्याच प्रकारच्या पन्नासेक असू द्या.

पट्टा लावणं अगदीच जमत नसेल तर खिशासाठी एलसीपी मॅक्स चालेल, पण खिशाच्या होल्स्टरशिवाय नाही. हे होल्स्टर तीन कामं करतं : ट्रिगर पूर्ण झाकतं, मूठ कायम वरच्या बाजूला ठेवतं, आणि पँटवर पिस्तुलाचा आकार उमटू देत नाही. ते बाहेरून खरखरीत असावं, म्हणजे पिस्तूल हातात येतं आणि होल्स्टर खिशातच राहतं. त्या खिशात दुसरं काहीही ठेवायचं नाही. किल्ली नाही, नाणं नाही, च्युइंगगमचा कागदसुद्धा नाही. बहुतेक छोट्या पिस्तुलांना बाहेरून सेफ्टीचं बटण नसतं. ट्रिगर दबला की गोळी सुटते, मग तो बोटाने दबो की किल्लीच्या टोकाने. आणि आपल्या ह्यूस्टनच्या दमट हवेत अंगाजवळचं पिस्तूल घामाने गंजतं, तेव्हा आठवड्याला पुसून तेलाचा हात फिरवा. वर्षभर खिशात राहिलेल्या पिस्तुलाच्या नळीत कापडाचे तंतू साचलेले मी पाहिले आहेत.

कायद्याचं थोडं सांगते. १ सप्टेंबर २०२१पासून टेक्ससमध्ये एकवीस वर्षांवरच्या, बंदूक बाळगण्यास पात्र माणसाला परवान्याशिवाय हँडगन बाळगता येते. तरीही तुम्ही परवाना काढा. शाळेच्या आवारापासून १००० फुटांच्या आत भरलेलं हत्यार नेण्याला केंद्राची बंदी आहे, आणि तिच्यातून सूट त्या राज्याचा परवाना असलेल्यालाच मिळते. तुमच्या दुकानापासून घरापर्यंत किती शाळा लागतात ते मोजा. टेक्ससची बिनपरवाना मुभा तिथे उपयोगी पडत नाही, आणि हे माझ्या वर्गातल्या निम्म्या लोकांना माहीत नसतं. फी ४० डॉलर. परीक्षेत रेंजवर ५० गोळ्या : तीन यार्डांवर २०, सातवर २०, पंधरावर १०. २५०पैकी १७५ गुण लागतात. सरावाने सहज जमेल.

गल्ल्याचंही बोलते. समोरच्याने आधीच बंदूक रोखलेली असेल तर तुमचा हात कितीही चपळ असला तरी त्याच्या बोटापेक्षा हळूच पडणार. पैसे द्या. विमा भरून देईल. पिस्तूल आहे ते, पैसे मिळूनही तो तुम्हाला मागच्या खोलीत चला म्हणतो त्या क्षणासाठी. आणि त्या क्षणाच्या आधी करण्यासारखं पुष्कळ आहे. रोख रक्कम ठरावीक वेळेनंतरच उघडणाऱ्या तिजोरीत टाका आणि बँकेत दिवसा भरा. रोज एकाच वेळी एकाच दाराने निघू नका. पार्किंगमधला बंद पडलेला दिवा आजच बदला. बंद करताना दुसरा माणूस सोबत ठेवा, त्याचा तासाभराचा पगार गेला तरी चालेल. वहिनींना झोप लागायला पिस्तुलापेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

प्रश्न : मी डॅलसमध्ये आयटीत आहे, एच-१बी व्हिसावर. बायको ग्रीन कार्डधारक. घरी एकटी असते म्हणून तिच्या नावावर छोटं पिस्तूल घ्यायचा विचार आहे. मीही शिकून घेईन. चालेल ना?
— एक वाचक, फ्रिस्को

उत्तर : वहिनींना चालेल. तुम्हाला नाही, आणि यात धोका मोठा आहे.

एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ या सगळ्या तात्पुरत्या व्हिसांवरच्या माणसाला केंद्राच्या कायद्याने बंदूक किंवा काडतूस विकत घेता येत नाही आणि जवळही ठेवता येत नाही. ग्रीन कार्डधारकाला मात्र घेता येते. तात्पुरत्या व्हिसावाल्यासाठी मोजके अपवाद आहेत. त्यातला नेहमीचा अपवाद म्हणजे एखाद्या राज्याचा चालू असलेला शिकारीचा परवाना. तो नसेल तर रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणंही ‘जवळ बाळगणं’ ठरू शकतं. मित्रांबरोबर गंमत म्हणून रेंजवर जाणाऱ्या आपल्या मुलांना हे कुणी सांगत नाही.

घरातलं पिस्तूल वहिनींच्या नावावर असलं तरी ते ज्या कपाटात आहे त्याची किल्ली किंवा आकडा तुमच्याकडे असेल, तर ते तुमच्याही ताब्यात आहे असं सरकारी वकील म्हणू शकतो. म्हणून तिजोरी फक्त त्यांच्या बोटाच्या ठशावर किंवा आकड्यावर उघडणारी हवी, आणि तो आकडा तुम्हाला माहीत नसावा. दुकानात भरायच्या ४४७३ या फॉर्मवर तुम्ही स्वतःबद्दल खोटी खूण केलीत तर तो केंद्रीय गुन्हा आहे. बंदुकीच्या कायद्याखालची शिक्षा माणसाला देशाबाहेर काढायला पुरेशी ठरते. इतक्या वर्षांची मेहनत पणाला लावू नका. इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारा, मग पुढचं ठरवा.

प्रश्न : माझं वय ६७. हे गेल्यापासून एकटीच राहते. अंगठ्यांना संधिवात आहे, दुकानात मला स्लाइड मागे ओढताच आली नाही. मुलगा म्हणतो, पर्समध्ये एखादं अगदी छोटं ठेव. शनिवार-रविवार नातवंडं येतात.
— एक आजी, प्लॅनो

उत्तर : काकू, छोटं पिस्तूल तुमच्या हाताला जास्त त्रास देईल. स्लाइड जितकी लहान, तितकी पकडायला जागा कमी आणि आतली स्प्रिंग कडक. दुकानात झालं ते यामुळेच, त्यात तुमचा दोष नाही.

दोन पिस्तुलं हातात घेऊन बघा. स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी, थ्री एटीमधलं, २०१८ सालचं. त्याची स्लाइड मुद्दाम हलकी केलेली आहे, मॅगझिन भरताना अंगठ्याने ओढायला बाजूला कळ आहे, आणि मुठीवर मागून दाब पडल्याशिवाय ते चालत नाही. वजन अर्ध्या किलोच्या वर आहे, पण तुम्हाला त्या वजनाचा फायदाच होईल. दुसरं बेरेटाचं टॉमकॅट, बत्तीसचं. एक खटका दाबला की त्याची नळी मागच्या बाजूने वर उचलली जाते आणि गोळी थेट नळीत ठेवता येते, स्लाइड ओढावीच लागत नाही. बोटं दुखणाऱ्यांसाठी ही रचना फार सोयीची आहे. मात्र त्यात जोरदार भरलेली काडतुसं घालू नका, बेरेटाच तसं बजावते. माझा कल ईझीकडे आहे.

पर्सबद्दल मात्र मी ठाम आहे : नको. पर्स तुम्ही देवळात खुर्चीवर ठेवता, पटेलांच्या दुकानात ट्रॉलीत ठेवता, घरी सोफ्यावर टाकता. २०१४च्या डिसेंबरात आयडाहोतल्या हेडन गावी एका मोठ्या दुकानात ट्रॉलीत बसलेल्या दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधलं पिस्तूल काढलं आणि त्या गोळीने आई जागीच गेली. पर्स पिस्तुलासाठीच बनवलेली होती. आई काही निष्काळजी बाई नव्हती, तिला बंदुका लहानपणापासून ठाऊक होत्या. नातवंडांना आजीच्या पर्समध्ये गोळ्या-चॉकलेटं असतात हे पक्कं माहीत असतं, आणि ती न विचारता हात घालतात.

तुमची काळजी घराची आहे असं पत्रावरून वाटतं. मग पिस्तूल घरातच राहू द्या, पलंगाजवळ भिंतीला किंवा लाकडात स्क्रूने बसवलेल्या, बोटांच्या खुणेने उघडणाऱ्या छोट्या तिजोरीत. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं हत्यार लागेल अशा तऱ्हेने ठेवणं हा टेक्ससमध्ये गुन्हा आहे. नातवंडं येणार त्या शुक्रवारी तिजोरी बंद आहे ना ते हात लावून तपासा. आणि काकू, एक गोष्ट लेकीच्या मायेने विचारते. काका गेल्यापासून रात्री फार जड जातात का? जात असतील तर हत्यार सध्या घरात आणू नका. आधी डॉक्टरांशी, मुलाशी बोला. रात्री-अपरात्री ९८८ या नंबरवर फोन लावला तरी माणूस बोलायला मिळतो. पिस्तूल सहा महिन्यांनी घेतलं तरी चालेल.

प्रश्न : दिवाळीला मुंबईला जातोय. पिस्तूल अर्थातच घरी ठेवणार. आणखी काही काळजी घ्यायची का?
— एक वाचक, केटी

उत्तर : हो, आणि बरं झालं विचारलंत. पिस्तूल घरी राहतं, पण एखादी गोळी बरोबर जाते.

रेंजवर जी सॅक नेता तीच प्रवासाला घेतली, की शिवणीत किंवा बाजूच्या कप्प्यात अडकलेलं एखादं काडतूस मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर एक्स-रेत दिसतं. बरेचदा ते अमेरिकेतून निघताना सुटलेलं असतं आणि परतीच्या प्रवासात सापडतं. भारतात काडतूस परवान्याशिवाय जवळ असणं हा १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी दोन वर्षांची आणि पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. एकच गोळी असली तरी विमान चुकतं, पोलीस ठाण्यात जावं लागतं, गुन्हा नोंदवला जातो. गुन्हा ठरायला गोळी जाणीवपूर्वक बाळगलेली असली पाहिजे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७२मध्येच मांडलं आहे, आणि नकळत राहिलेल्या एकट्या काडतुसाची अनेक प्रकरणं दिल्ली उच्च न्यायालयाने रद्दही केली आहेत. पण तिथवर पोचायला वकील लागतो, महिने जातात, आणि तोवर अमेरिकेतली नोकरी थांबत नाही.

म्हणून रेंजची बॅग वेगळी ठेवा, तिच्यावर मार्करने मोठं लिहा आणि ती प्रवासाच्या बॅगांबरोबर कपाटात ठेवू नका. ज्या जॅकेटमध्ये कधी मोकळ्या गोळ्या ठेवल्या असतील ते नेऊ नका. निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येक बॅग उलटी करून झटका, कप्प्यांची अस्तरं चाचपा, मुलांच्या सॅकसुद्धा, कारण कुणीतरी रिकामी पुंगळी शोभेची म्हणून त्यांना दिलेली असते. पुंगळीही घरीच ठेवा.